उभ्या पिकातलं बी

सांगोल्याकडच्या आमच्या माळावर चैत्रात वारं सुटलं की आधी कुसळं हलतात, मग पिशव्या उठतात. अशीच एक पांढरी पिशवी बाभळीच्या काट्यातून सुटली आणि जमिनीपासून हातभर उंचीवरून गिरक्या घेत ओढ्याकडे निघाली. माझी कुत्री हरणी तेव्हा अकरा महिन्यांची होती. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. तिचं जग म्हणजे जिना, सोसायटीचं पार्किंग आणि सकाळी टेकडीवर पट्ट्यात बांधून अर्धा तास. ससा तिनं जन्मात पाहिला नव्हता.

पिशवी दीडशे-दोनशे पावलांवर असेल. हरणीनं मान उचलली. पुढचा एक पाय हवेत तसाच राहिला. एरवी सोफ्यावर हात-पाय पसरून लोळणारं ते जनावर एकदम ताणलेल्या दोरीसारखं झालं आणि माझ्या हातातला पट्टा गेला. हिसका बसल्याचं मला तळहात जळजळायला लागला तेव्हा कळलं. ती पिशवी होती तिकडे गेलीच नाही. पिशवी जिथं जाणार होती, तिकडे ती तिरकी निघाली. ओढ्याच्या अलीकडे वाऱ्यानं पिशवी फिरवली, तशी हरणीही मागचं अंग जमिनीला टेकेल इतकी कलून फिरली आणि तिसऱ्या झेपेत पिशवी तोंडात होती. एक आवाज नाही, एक भुंकणं नाही.

शेजारी अण्णा, माझे थोरले चुलते, विडी विझवायची विसरून बघत होते. म्हणाले, "तू शिकवलंस व्हय गं?"

"कुठं शिकवणार अण्णा, पार्किंगमध्ये?"

"मग हाय तर."

विहिरीत पाणी लागल्यावर खोदणारा ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात ते म्हणाले. तेव्हापासून हा 'हाय' माझ्या डोक्यात बसला आहे. काय आहे? कुठून आलं? आणि असंच सांभाळलं, म्हणजे सोफ्यावर, तर अजून किती पिढ्या राहील?

हरणी करवानी जातीची आहे. कुणी कारवान म्हणतं, सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळ म्हणतात, आणि कानाला-शेपटीला रेशमी झालर असलेल्याला पश्मी. नावावरून लोक भांडतात, मी त्यात पडत नाही. एवढं खरं की व्यापाऱ्यांच्या आणि सैन्याच्या तांड्यांबरोबर पश्चिम आशियातले सालुकी वगैरे कुत्रे दख्खनच्या पठारावर उतरले, अशी या जातीची कथा सांगतात, आणि 'कारवान' या शब्दात ती कथा अजून शाबूत आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी परिसरातल्या बेडर लोकांकडचे हे कुत्रे पाहिले, जोपासले, आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला त्यांची जोडी भेट दिली. 'मुधोळ हाउंड' नाव तिथून रूढ झालं, असं सांगतात. 2005 साली टपाल खात्यानं चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात रामपूर, राजपालयम आणि हिमालयन शीपडॉगबरोबर मुधोळही होता. राजाच्या भेटीपासून टपाल तिकिटापर्यंत मान भरपूर मिळाला, पण या सगळ्या काळात कुत्रा टिकवला तो मात्र ज्यांच्या घरात तिकीट लावून पाठवायला पत्रही नव्हतं अशा लोकांनी.

आमच्या घरात तात्यांचे, म्हणजे आजोबांचे, करवानी असायचे. तात्यांच्या लेखी कुत्रा देखणा-कुरूप असा नसायचाच. तो 'पळणारा' किंवा 'खाणारा' असायचा. त्यांच्या कसोट्या अण्णांना अजून तोंडपाठ आहेत. पळताना भुंकतो तो नको, कारण श्वास एकच, तो पळायला तरी वापरावा नाहीतर भुंकायला. पहिल्या वळणावर ससा निसटला म्हणून मागे वळून मालकाकडे बघतो, तो नको. धरल्यावर फाडतो तोही नको. मुरमाडात एकदा पळून दुसऱ्या दिवशी पाय उचलतो, नको. आणि मेंढराच्या मागे एकदा जरी लागला, तर तो कितीही वेगाचा असो, घरात राहायचा नाही. तो 'घरात राहायचा नाही' म्हणजे नेमकं काय व्हायचं, हे अण्णा सांगत नाहीत आणि मी एकदाच विचारलं.

हे सगळं आठवून हळवं व्हायचं कारण नाही. सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच असायला हवा. आमच्या माळावर आता ससा दिसला तर पोरं गावभर सांगत सुटतात, इतके ते कमी झालेत. तात्यांची शिकार परत आणा असं मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की शिकारीबरोबर एक परीक्षाही गेली, आणि परीक्षा गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

इथं मला आजी आठवते, जिचा कुत्र्यांशी एवढाच संबंध होता की भाकरी तिच्या हातची असायची. ती ज्वारीचं बी निवडायची. मालदांडी. इतर बायका खळ्यावर राशीतून टपोरी कणसं वेगळी काढायच्या. आजी काढणीच्या आधी उभ्या पिकात शिरायची आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या ताटांना बांधत जायची. बांधाकडच्या, विहिरीजवळच्या जाड कणसाला ती हात लावायची नाही. शेताच्या वरच्या अंगाला, जिथं माती वीतभर आणि खाली मुरूम, तिथं जे ताट न लोळता उभं राहिलंय, त्याला चिंधी. खळ्यावर सगळी कणसं सारखी दिसतात. कोणतं पाणी पिऊन जाड झालंय आणि कोणतं पाण्यावाचून भरलंय, हे तिथं कळत नाही.

कुत्र्यांचा शो हे खळं आहे. मी हे चिडून म्हणत नाही (थोडं चिडून म्हणते). हरणीला एका शोला घेऊन गेले होते. रिंगणात परीक्षकांनी दात बघितले, पाठीची रेषा बघितली, वर्तुळात दुडकी चाल बघितली. त्यांनी खांद्यावर हात ठेवताच हरणी मागे सरली. गुरगुरली नाही, चावली नाही, फक्त सरली. परक्याचा हात करवानीला खपत नाही, ही या जातीची जुनी ओळख. माळावर एकट्या वस्तीची राखण करणाऱ्या कुत्र्यानं परक्याचा हात अंगावर घेऊ नये हेच बरं. तिथं तो दोष ठरला. पहिला आलेला कुत्रा खरोखर सुंदर होता, मानेची कमान तर अशी की चित्रात काढावी. बक्षीस घेताना मांडवाच्या कडेनं कबुतरांचा थवा उडाला. आमच्या रांगेतल्या तीन-चार कुत्र्यांच्या माना गर्रकन फिरल्या. त्याची फिरली नाही. त्याच्या मालकानं कौतुकानं सांगितलं, "बघा किती स्थिर आहे." त्या वर्षी त्याच्याकडून किती विणी झाल्या असतील याचा मी हिशोब करत उभी राहिले.

त्या कुत्र्याचा यात काही दोष नाही. मालकाचाही नाही म्हणा. दुडकी चाल बघून धाव कळत नाही, एवढंच. करवानीचं सगळं शरीर चौखूर धावेसाठी बनलंय: एका झेपेत दोनदा चारही पाय हवेत असतात, एकदा शरीर पूर्ण ताणलेलं आणि एकदा पूर्ण आवळलेलं. खोल छाती हृदय-फुप्फुसांना जागा देण्यासाठी, आत ओढलेलं पोट मागचे पाय पुढच्यांच्या पुढे पडावेत म्हणून. लांबट, निमुळत्या डोक्याला बाजूंना असलेले डोळे, त्यामुळे मान न हलवता क्षितिजाचा बराच भाग दिसतो. सोसायटीतल्या काकू अजून विचारतात, "उपाशी ठेवतेस का गं तिला? बरगड्या मोजता येतात." पहिल्या रक्ततपासणीत लाल पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा वर आलं, तेव्हा मीच घाबरले होते. डॉक्टरांनी समजावलं की धावणाऱ्या जातींमध्ये ते तसंच असतं, प्राणवायू वाहून न्यायला. हे सगळं रिंगणात उभं करून थोडंफार दिसतं तरी. पण पिशवी जाणार कुठं हे ओळखणारं जे काही आहे, ते कुठं दिसणार?

त्या 'जे काही'वर माणसांनी पुष्कळ विचार केलाय. लांडग्याची शिकार म्हणजे एक साखळी असते: हेरणं, रोखून बघणं, दबा धरणं, पाठलाग, धरणं, मारणं, फाडणं. रेमंड कॉपिंजर या अमेरिकन शास्त्रज्ञानं कामाच्या कुत्र्यांचा अभ्यास करून दाखवलं की माणसानं प्रत्येक जातीत या साखळीतल्या काही कड्या जाड केल्या आणि काही झिजवल्या. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरच्या बॉर्डर कॉलीमध्ये रोखून बघणं, दबा आणि पाठलाग इतके जाड झाले की तो नुसत्या नजरेनं मेंढ्या हलवतो. चावण्याची कडी मात्र पातळ. करवानीत पाठलाग आणि धरणं जाड. आणि मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यात जवळजवळ सगळ्याच कड्या सैल, म्हणून तर तो कोकरांत झोपू शकतो. आमच्याकडे धनगरांचे कळप चाऱ्याच्या शोधात फिरतात, त्यांच्या कुत्र्यांकडे बघा. त्यांना ना जातीचं नाव ना कागद. दिवसभर मेंढरांच्या सावलीत पडून असतात आणि रात्री लांडग्याचा वास आला की उठतात. एकाच वाडग्याशेजारी हरणी आणि धनगराचा कुत्रा बसवला, तर पळणाऱ्या कोकराकडे दोघं दोन वेगळ्या डोळ्यांनी बघतात. हा फरक शिकवून आलेला नाही. पिढ्यान् पिढ्या कुणीतरी चिंध्या बांधत आलंय.

आणि कुणी चिंध्या बांधायचं थांबलं की काय होतं? कड्या तुटत नाहीत, झिरपून जातात. कुणी मुद्दाम पळणं काढून टाकत नाही. फक्त न पळणाऱ्यालाही पळणाऱ्याइतकीच पिल्लं होतात. शिवाय फ्लॅटमध्ये न पळणारा सोयीचा, म्हणून त्याची पिल्लं आधी खपतात. चार-पाच विणींत घराण्याचं नाव तेच राहतं, मानेची कमानही राहते.

इंग्रजांना हे लवकर कळलं असं म्हणता येईल, कारण कुत्र्यांना वंशावळीचा कागद देण्याची पद्धतही त्यांचीच. 1873 साली लंडनमध्ये केनेल क्लब निघाला. त्याच साली वेल्समधल्या बाला गावात मेंढपाळांच्या कुत्र्यांची ब्रिटनमधली पहिली मोठी चाचणी झाली. शो आणि शेत एकाच वर्षी, दोन वेगळ्या वाटांनी निघाले. 1906 मध्ये मेंढपाळांनी स्वतःची आंतरराष्ट्रीय संस्था काढली आणि नोंदवही ठेवली, पण दिसण्याचा मापदंड ठेवला नाही. कान उभे की पडके, रंग काळा की भुरा, मेंढीला काय त्याचं! त्यांच्या नोंदवहीत आणखी एक दार आहे, ते मला फार आवडतं: आईबापांची नोंद नसलेला कुत्राही निव्वळ कामाच्या जोरावर आत घेता येतो. परीक्षक त्याला प्रत्यक्ष मेंढ्यांवर बघतात. पुढे 1995 मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं बॉर्डर कॉलीला शोच्या जातींत घेतलं, तेव्हा तिथल्या मेंढपाळांनी कडाडून विरोध केला. जातीला मान मिळतोय म्हणून हार घालायचे सोडून ही माणसं भांडत होती. पूर्वी मला ते विचित्र वाटलं असतं.

जर्मनांनी मधला रस्ता काढला. माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळाच्या अधिकाऱ्यानं 1899 च्या एप्रिलमध्ये कार्ल्सरूहेच्या प्रदर्शनात एक मेंढपाळी कुत्रा पाहिला, विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच महिन्यात जर्मन शेफर्डची संघटना उभी केली. उपयोग हीच सौंदर्याची कसोटी, ही त्याची धारणा. त्या संघटनेत आजही पैदाशीसाठी निवडायच्या कुत्र्याला काम दाखवावं लागतं, सायकलबरोबर 20 किलोमीटर दुडकावं लागतं. एवढं करूनही जर्मन शेफर्डची दोन घराणी झालीच, एक कामाचं आणि एक शोचं, आणि दोघांच्या पाठीची रेषा लांबूनसुद्धा वेगळी ओळखू येते. परीक्षा असूनही ती उरकता येते, हे कॉलेजात शिकवणाऱ्या मला कुणी वेगळं सांगायला नको.

आणि उलट बाजूनंही घसरता येतं. विस्टन कॅप नावाचा बॉर्डर कॉली 1965 साली मेंढपाळी कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सर्वोच्च विजेता झाला आणि जो तो आपली कुत्री त्याच्याकडे नेऊ लागला. इतकी, की आजच्या बऱ्याच वंशावळ्या कुठंतरी त्याच्यापाशी येऊन मिळतात. सगळ्यांत चांगल्या एकाच ताटाचं बी सगळ्या शेतात पेरलं, तर एका रोगात सगळं शेत जातं. आजी एका शेतातून साठ-सत्तर चिंध्या बांधायची.

आमच्याकडे हल्ली करवानीला बरे दिवस आले आहेत म्हणतात. मुधोळजवळ तिम्मापूरला या कुत्र्यांचं संशोधन केंद्र आहे. लष्करानं मेरठच्या केंद्रात मुधोळ नेऊन प्रशिक्षण दिलं. 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जातींचा उल्लेख केला आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत पिल्लांचे भाव विचारू नयेत असे झाले. बऱ्याच जणांनी पिल्लू घेतलं ते 'देशी आहे, आजारी पडत नाही, खर्च कमी' म्हणून. वर्षाच्या आत त्यातली काही टेकडीच्या पायथ्याशी फिरताना मी पाहिली आहेत, गळ्यात पट्ट्याचा वळ असलेली. कारण तो 'हाय' सोसायटीत त्रासाचा असतो, हे आधी कुणी सांगत नाही. हरणीनं गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचं मांजर मारलं. तीन सेकंदांचा खेळ. त्या घरातली मुलगी आठ वर्षांची आहे आणि अजून माझ्याशी बोलत नाही. मी तिला काय सांगू, की ही जाड झालेली कडी आहे? त्या रात्री मलाही वाटलं होतं की मांडवातला तो स्थिर कुत्राच बरा.

तरी सकाळी टेकडीवर तिचे कान हलले की माझं मन पुन्हा फिरतं. मारण्यावाचून ही धाव पारखता येईल का, एवढाच माझा प्रश्न आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकापासून चिंधीमागं कुत्रे पळवतात: कप्प्यांतून नागमोडी फिरवलेली दोरी, टोकाला प्लॅस्टिकची पिशवी, दोरी ओढायला मोटर. ब्रिटनमध्येही सशामागं कुत्रे सोडायची 1836 पासूनची वॉटर्लू कप स्पर्धा 2005 मध्ये कायद्यानं बंद झाली. अण्णांना मी मोबाईलवर चिंधीचा एक व्हिडिओ दाखवला. त्यांनी आठ दिवसांत जुन्या लुनाचं चाक, विहिरीवरच्या रहाटाच्या दोन कप्प्या आणि नायलॉनची सुतळी जोडून पडीक रानात तसंच काहीतरी उभं केलं. मी त्याला चार वळणं घ्यायला लावली.

पहिल्या दिवशी हरणी वेड्यासारखी पळाली. चौथ्या दिवशी तिनं तिसरं वळण कापून थेट शेवटच्या कप्पीपाशी जाऊन वाट बघितली. अण्णा पोट धरून हसले. "ससा असा येत नसतो, हे तिला कळलं." चिंधी पाय दाखवते, छाती दाखवते, वळणं दाखवते, पण चिंधी स्वतः काही ठरवत नाही आणि ससा ठरवतो. दर वेळी वळणं बदलावी लागतात, आणि तरी थोडं निसटतंच. जत्रेतल्या श्वान शर्यतींत तर वळणही नसतं. सरळ पट्टी, त्यामुळे सरळ पट्टीत पळणारं रक्त हवं, म्हणून ग्रेहाउंडची भेसळ. आमच्या भागात शुद्ध करवानी म्हणून शर्यतीला आणलेल्या कुत्र्यांचे खांदे बघितले की अण्णा नुसते माझ्याकडे बघतात. जे मोजाल ते वाढतं. खिल्लाराचंही तेच. 2014 मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी आली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना मान्यता दिली. मधल्या काळात खोंड सांभाळायचा कशाला, हा प्रश्न गोठ्यागोठ्यांत होता. आता खोंडाला लाखांत भाव आहे, पण नांगराला धीरानं चालणारा खिल्लार कोण मागतो? वेग मागतात.

मला सगळ्यांत आवडलेलं काम आग्र्याचं. 2021 मध्ये हवाई दलानं तिम्मापूरहून मुधोळची पिल्लं घेतली, धावपट्टीवरचे पक्षी हुसकायला. लांब, मोकळं, सपाट माळरान, नजरेच्या टप्प्यात हलणारं काहीतरी, आणि त्याच्यामागं सुटायची मुभा. ते काम कुत्र्याकडे बघून शोधलं होतं. लष्करात आधी नजरेनं शिकार करणाऱ्या या कुत्र्याकडून वासाची कामंही करवून घ्यायचे प्रयत्न झाले. जमतही असतील, जातिवंत जनावर सांगाल ते थोडंफार करतंच.

या कार्तिकात हरणी दुसऱ्यांदा माजावर आली. पहिल्यांदा सोडून दिलं होतं. यंदा अण्णा म्हणाले, "वीण घेऊ. पण नर मी बघणार." आम्ही जतच्या बाजूला एका वस्तीवर गेलो. मालक तरुण होता, आग्रहानं चहा दिला, मग मोबाईल काढून नराचे फोटो दाखवले: तीन चषक, दोन फेटे, एका आमदाराबरोबर. वंशावळीचा कागद प्लॅस्टिकच्या आवरणात होता. नर आंब्याच्या सावलीला साखळीवर होता, फिक्या पिवळट रंगाचा, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा.

"देखणा हाय," अण्णा म्हणाले.

"काय बघायचंय अजून, पाव्हणं? पाय बघा, दात बघा."

अण्णांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेली पांढरी पिशवी काढली. झटकून उघडली. वारं बरं होतं. त्यांनी ती सोडली आणि ती नांगरटीवरून घरंगळत निघाली. साखळी एकदम ताणली गेली आणि आंब्याची पानं हलली.

"आम्ही त्याला सोडत नाही कधी," मालक गडबडून म्हणाला. "लागलं-बिगलं तर शोला अडचण होते."

पिशवी शंभर पावलांवर गेली होती. साखळी तशीच ताणलेली.

"सोडा की एकदा," अण्णा म्हणाले.